जहाजाचं पोट

लोणारात बसून जहाज करणाऱ्या माणसाला गाव काय म्हणत असेल, ते मी वेगळं सांगायला नको. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की आमच्याकडच्या जुन्या माणसांना तो एक आहे की दोन हेही नक्की ठाऊक नव्हतं. पाणी म्हणून आम्हाला होतं ते खड्ड्यातलं तळं. खारट, हिरवट, उग्र वासाचं. त्यात मासा नाही, होडी नाही. खाली उतरत गेलं की वरच्या गावाचा आवाज मधेच कुठेतरी बंद व्हायचा, कोणी दार लावून घेतल्यासारखा. मी तिकडे एकटा कधी गेलो नाही. भित्रा म्हणायचं तर म्हणा बापडे.

मी बसवर कंडक्टर होतो. सकाळी लोणारहून निघायचं, मेहकर, जानेफळ करत खामगाव गाठायचं आणि दिवस मावळता परत यायचं. तोंडाचा फटकळ. "सरका बे म्होरं, गाडी काय तुमच्या सासऱ्याची हाय का?" हे जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं, तर आज लोक माझ्या पाया पडले असते. अशा माणसाच्या हातात पटाशी आणि कानस आली ती थोरल्या भावामुळे.

भाऊ खामगावला एका जीनमध्ये बॉयलरवर होता. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगामात तिथली भट्टी विझतच नसे, आणि भाऊ घरी यायचा तो भाजलेल्या वांग्यासारखा चेहरा घेऊन. आपलं नवं राज्य झालं त्या सुमारास जीनमध्ये विजेची मोटार आली आणि बॉयलर थंड पडला. कोणी तरी त्याला सांगितलं की जहाजातही हीच भट्टी असते, हाच कोळसा, फक्त खालची जमीन हलते. झालं! उठला आणि मुंबईला गेला. एका जुनाट मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायला लागला. तिथून त्यानं आपल्या जहाजाचं चित्र असलेलं एक कार्ड धाडलं. मागे एवढंच लिहिलं होतं, याच्यासारखं एक करून मायले दाखव, तिले वाटते म्या डोंग्यात बसून गेलो.

आता एका कार्डावरून जहाज होत नसतं. कार्डात त्याची एकच बाजू. दुसऱ्या बाजूला काय आहे, वरून कसं दिसतं, त्या वाकड्या मानेच्या नळ्या कशाच्या, हे कोण सांगणार? शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर त्यांनी भूगोलाच्या पुस्तकातलं शिडाचं गलबत दाखवलं. म्हटलं, गुरुजी, याले चिमणी कुठं हाय? तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू तिकिटं फाड.

मला हवं ते सापडलं रद्दीत. खामगावच्या बाजारात एक रद्दीवाले चाचा होते. त्यांच्याकडे मुंबईहून परदेशी मासिकांचे गठ्ठे यायचे, गुळगुळीत कागदाचे, वजनावर विकायचे. ते कागद किराणा दुकानात पुड्या बांधायला जात, पत्र्याच्या पेट्यांना आतून चिकटवायला जात, चहाच्या हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला जात. चाचांनी पहिल्यांदा मला हाकललंच. "मास्टर, यहाँ कागज तौलते हैं, देखते नहीं." मग एकदा त्यांची गोणी मी बसच्या टपावर नीट चढवून दिली आणि त्यांचा राग उतरला. जेवायच्या सुट्टीत मी त्यांच्या गठ्ठ्यांवर मांडी घालून बसू लागलो.

आणि एक दिवस त्यात ते मासिक दिसलं. घरी बसून जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठीच निघणारं! अरे बाप रे! म्हणजे जगात माझ्यासारखे येडे आणखी आहेत, आणि इतके आहेत की त्यांच्यासाठी मासिक छापतात! त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी घंटी द्यायची विसरलो आणि दोन बाया आपल्या गावाच्या पार पुढे जाऊन उतरल्या. काय शिव्या घातल्या त्यांनी! मला एकही लागली नाही.

मॅट्रिकचं मोडकं इंग्रजी आणि एक फाटका शब्दकोश, एवढ्यावर मी ते वाचत गेलो. दोरखंडासाठी शिंप्याचा दोरा मेणातून ओढावा. कठड्यासाठी टाचण्या चालतात. रंगवलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नये, चित्रकार हात धुऊन मोकळे होतात, फोटो शोधावा. एकाच जहाजाचे निरनिराळ्या बाजूंनी फोटो जमवावेत. हे मी वेड्यासारखं पाळलं. बिस्किटाच्या डब्यावरचं जहाज, काडेपेटीवरचं जहाज, कापडाच्या व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवरचं जहाज, काही सोडलं नाही. प्रवासी मला बांधलेल्या पुड्या उघडून दाखवू लागले, "पाहा बरं मास्तर, तुमच्या कामाचं हाय का?" एका आजीबाईनं तर साखर पदरात ओतून घेऊन कागद दिला.

पण रद्दीत अंक यायचे ते मागचे पुढचे, कसेही. जहाजाचा नकाशा क्रमानं छापलेला असायचा आणि पानाखाली लिहिलेलं, उरलेला भाग पुढच्या अंकात. तो पुढचा अंक कधी म्हणजे कधी आला नाही. कुठल्या तरी गावात त्यात कोणी हळद बांधून नेली असणार. तरीही पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मी जहाज कोरत आणलं. काळं अंग, पांढरी खोली, मधोमध चिमणी. मायनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "एवढं मोठं घरच हाय का थे?" म्हणाली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं.

त्यानंतर तार आली. भावाचं जहाज एका बंदरातून निघालं होतं आणि दुसऱ्या बंदरात पोचलं नव्हतं. शोध घेतला. फळी नाही, माणूस नाही, तेलाचा डाग नाही. बस.

मायनं हंबरडा फोडला नाही, तेच मला जड गेलं. ती ऐकून घेऊन आत गेली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून ती अर्धी भाकरी खायची, तीही मी डोळे वटारले तर. दिवसभर उंबऱ्याशी बसून राहायची. बोलायची, पण तिचं अंगच तेवढं घरात आहे असं वाटायचं. वडील आमच्या लहानपणीच वारलेले, भाऊ असा गेला, आता ही डोळ्यांदेखत वाळत चाललेली. मला भीती वाटायची. साफ सांगतो, रोज संध्याकाळी गल्लीत वळलो की मी आधी बघायचो, आज उंबऱ्यावर ती दिसते की नाही.

काका म्हणाले, क्रिया करून टाकू. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं, आणि त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्याशिवाय ना त्याची सुटका, ना घराची. माय म्हणाली, "जागा दाखवा."

"कशाची जागा, वहिनी?"

"थो कुठं व्हता थे दाखवा मले. मंग करा."

यात वावगं काही नव्हतं. आमच्याकडे माणूस शेतात गेला, विहिरीत गेला, रस्त्यात गेला, तरी आई जाऊन ती जागा पाहून येते. तिथे बसते, जमिनीवर हात फिरवते, आणि मगच तिचं रडणं सुटतं. पाहिल्याशिवाय कोणाचं सुटलेलं मी पाहिलं नाही. पण समुद्रातली जागा कुठून आणायची? मी जहाज फळीवरून काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे पाह्य माय. ह्याच्यात व्हता."

"ह्याच्यात कुठं?"

"भट्टीपाशी. खाली."

तिनं जहाज वर उचललं, खालून हात फिरवला. सपाट लाकूड.

"खाली कुठं रे? खाली तं काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. मी जमवलेल्या प्रत्येक चित्रात जहाज पाण्यावर होतं, आणि पाणी लागलं की जहाज संपत होतं; मासिकातल्या नकाशाचा खालचा भाग त्या न आलेल्या पुढच्या अंकात राहिला होता. समुद्र पाहिलेला असता तर कळलं असतं. मी पाहिलं ते कोरलं, आणि खालून रंधा मारून पाटासारखं सपाट केलं. जहाजाला पोट असतं, आणि ते सगळं पाण्याखाली असतं, हे मला आणि अख्ख्या लोणारला ठाऊकच नव्हतं. भाऊ त्या पोटात काम करत होता. मी त्याचं जहाज केलं होतं, आणि तो सोडून बाकी सगळं त्यात होतं.

मग मी पोट शोधायला निघालो. चाचांचे गठ्ठे पुन्हा उपसले. डब्यात जपलेले सगळे कागद जमिनीवर पसरले. आधी जी चित्रं सुंदर वाटायची त्यांच्याकडे आता बघवेना. हसणारी माणसं कठड्याशी उभी, रुमाल हलवतायत, आणि खाली ती काळी रेघ, जिथे सगळं कापलेलं. जणू सगळ्या फोटोवाल्यांनी मिळून ठरवलं होतं की याच्या खालचं दाखवायचं नाही. नगरवाचनालयात एक जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यात जहाजाचं प्रकरण सापडलं. मजकुरात लिहिलं होतं, शेजारच्या पानावर जहाजाचा छेद पाहा. शेजारचं पान कोणीतरी पात्यानं कापून नेलेलं. ग्रंथपाल म्हणाले, असं कोण करील बुवा. ते पान किती वर्षांपूर्वी गेलं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत उभा राहिलो, आणि मला उगीचच वाटलं की पानापलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसलंय. पुस्तक ठेवलं आणि बाहेर उन्हात आलो.

चाचांना मी सगळं सांगितलं होतं. ते आता वजन करताना स्वतःच एकेक पान उलटून पाहायचे. "मास्टर, ऊपर का सब मिलता है, नीचे का कोई छापताच नहीं," असं म्हणून ते कान पकडायचे. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं.

माय रोज विचारायची. "सापडलं का?" मी बूट काढायच्या आधी. मी नाही म्हटलं की मान हलवून पुन्हा रस्त्याकडे बघायची. तिच्या मनगटातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत घसरू लागलं. माझा तोल जायचा. "अवं माय, खाय ना चार घास! तू बी चालली का त्याच्यामागं?" असं एकदा ओरडलोही. ती म्हणाली, "कुठं जाऊ? जागा कुठं ठाव हाय मले?"

जानेफळला आमची गाडी चहाला थांबायची. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर टिनं, आणि भिंतीला कसेही चिकटवलेले मासिकांचे कागद. माझी जागा ठरलेली, कोपऱ्यातलं बाकडं. तिथे बसायचं, डोकं भिंतीला टेकायचं, डोळे मिटायचे. वर्षानुवर्षं बसत आलो होतो. त्या दिवशी बाकड्यावर कोणी तरी आधीच बसलेलं, म्हणून मी समोर बसलो. चहा आला. तो माणूस उठून गेला. आणि मी माझी रोजची भिंत पहिल्यांदा पाहिली.

जहाज होतं. लांबीत मधोमध चिरलेलं, कलिंगड चिरावं तसं. वरच्या खोल्या, खालची कोठारं, शिड्या, नळ्या. आणि पाण्याच्या रेघेखाली तेवढंच मोठं, तेवढंच खोल पोट. पोटात भट्ट्या. भट्टीसमोर, हातात फावडं घेतलेला बोटाएवढा माणूस काढलेला. बाकी सगळं चित्र धुरकटलं होतं. फक्त त्या माणसाच्या जागी कागद तेलानं पारदर्शक झाला होता, आणि तो माणूस ओल्या काचेतून दिसावा तसा उठून दिसत होता. ते तेल माझ्या डोक्याचं होतं.

चहाची कपबशी मी बाकड्यावर ठेवली आणि भिंतीजवळ गेलो. मी खामगाव पालथं घातलं, आणि तो माझ्या मानेमागे उभा होता. मी त्याच्यावर डोकं टेकून झोपा काढत होतो.

हॉटेलवाला म्हणाला, "काऊन मास्तर, भूत पाह्यलं का?" मी म्हटलं, ओलं फडकं दे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला, प्रवासी कावले, पण मी तो कागद भिंतीवरून बोटभर बोटभर सोडवून घेतला. त्या दिवशी प्रवाशांनी मला मनसोक्त बोलून घेतलं, आणि मी एकालाही उलटून बोललो नाही. ड्रायव्हर तेवढ्यानंच घाबरला.

मायसमोर कागद पसरला. ते भावाचं जहाज नव्हतं, पण त्याच जातीचं होतं. तिनं कंदील जवळ ओढला आणि त्या बोटाएवढ्या माणसावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलंच नाही.

"इथं?"

"हाव माय, इथं."

"याले दार कुठं हाय?"

मी शिडी दाखवली. तिचं बोट शिडीवरून वर वर गेलं, एका मजल्यावरून दुसऱ्या, आणि अर्ध्यावर थांबलं. "लई उंच हाय," ती म्हणाली. "आन ही चिमणी?"

"ही सरळ भट्टीपर्यंत येते."

"पोकळ हाय का?"

"पोकळच असते माय, धुरासाठी."

"कर मंग याचं पोट," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं भाकरी मागून घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

मी पांगाऱ्याचा नवा ठोकळा आणला. पोट कोरून आतून पोकळ केलं. मासिकात सांगितलं होतं तसा आतून गरम डांबराचा हात दिला, म्हणजे लाकूड फाकत नाही. भट्टी केली, तिच्यासमोर मातीचा बोटाएवढा माणूस ठेवला. वरचं जुनं जहाज त्यावर सरसानं आणि खिळ्यांनी पक्कं बसवलं. सायकलच्या पंपाचं नळकांडं कापून चिमणी केली, चित्रातल्यासारखी, वरपासून थेट भट्टीपर्यंत. लाकडी घोडीवर बसवून पुन्हा फळीवर ठेवलं. आता ते पहिल्यापेक्षा दुप्पट उंच झालं होतं आणि घरात आल्याबरोबर नजर त्याच्याकडेच जायची.

आणि माय सुधारली. जेवू लागली, शेजारी जाऊन बसू लागली, एकदा तर जात्यावर गुणगुणताना ऐकली. काकांना म्हणाली, "उन्हाळा सरू द्या, मंग करा." मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. पण त्याच सुमारास जहाजाचं ते सुरू झालं.

आधी फळीवर ओल दिसली. ऐन वैशाखात. गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, माठाखालची मातीसुद्धा सुकलेली, आणि आमच्या घरात ती एक फळी ओली. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग चिमणीच्या बुडाशी थेंब दिसू लागले, कपाळावर घाम यावा तसे. शेजारीण पाहून गेली आणि गल्लीभर झालं, की यांच्या घरात जहाजाले घाम फुटते. बाया उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागल्या. मी मासिकं पुन्हा चाळली. लाकूड हवेतला दमटपणा ओढून घेतं, असं एका ठिकाणी होतं. पण दमटपणा कुठला आणायचा लोणारात, मे महिन्यात?

मग एका दुपारी रस्त्यावरून ट्रक गेला. घर हादरलं, भांडी किणकिणली, आणि फळीवरून आवाज आला. डुबुक. मी जेवत होतो, घास तसाच हातात राहिला. जहाज बंद, त्याला कधी पाणी दाखवलेलं नाही, आणि त्याच्या पोटात पाणी हेलकावतंय. मायकडे पाहिलं. ती वाढत होती. "भात घे," म्हणाली.

मी ते उचलून का पाहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, हिंमत झाली नाही! माय खात होती, हसत होती. जे काय होतं ते त्या जहाजामुळे होतं, आणि त्याला हात लावला तर ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसेल, याचंच मला जास्त भय होतं. मी पाय न वाजवता त्याच्यासमोरून जायला लागलो.

पाऊस पडून गेल्यावर काकांनी दिवस धरला. पळसाची पानं आणली, दर्भानं बांधून हातपाय केले, नारळ लावला. काका म्हणाले, "जहाजही ने. त्यातच गेला तो, त्याच्यासकटच जाऊ दे." माय फळीकडे पाठ करून उभी राहिली.

मी जहाज उचललं आणि हात खाली गेला. एवढं जड! पांगारा तो, कापसासारखा हलका असायचा. वाटेनं ते माझ्या छातीशी डुचमळत होतं, आणि त्याचा थंड ओलसरपणा सदऱ्यातून आत येत होता. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, पावसाळी हवा आहे, लाकूड फुगलं असेल.

गावाबाहेर गोवऱ्या रचल्या, वर जहाज ठेवलं, त्याच्यावर तो पानांचा माणूस. मी अग्नी दिला. पानं तडतडून पेटली, नारळ फुटला, माणूस बघता बघता राख झाला. जहाज पेटेना. बाहेरून काळं पडलं, रंगाचे फोड आले, पण पेटेना. भटजींनी तूप ओतलं. गोवऱ्या लाल झाल्या.

आणि चिमणीतून धूर निघाला. आधी बारीक, मग भसाभसा. पांढरा. बाजूला गोवऱ्यांचा धूर काळसर वाकडातिकडा जात होता, आणि हा सरळ, जोरानं, खऱ्या जहाजाच्या निघतो तसा. मग आतून खदखद ऐकू आली, आणि त्या नळकांड्यातून घुमणारा आवाज, लांबचा भोंगा वाजावा तसा. भट्टी सुरू झाली होती. दिवसाउजेडी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भट्टी सुरू झाली होती. भटजी उठून मागे सरले. भाऊबंद पळाले. काका "राम राम राम" म्हणत खाली बसले. मला काय वाटलं ते सांगतो, मला वाटलं तो आत आहे. कोळसा टाकतोय. आणि आम्ही बाहेरून आग लावलीय.

मग तळ तडकला आणि पाणी बाहेर आलं. उकळतं, वाफाळलेलं पाणी, भसकन, आणि अर्ध्या गोवऱ्या विझल्या.

मी अनवाणी घराकडे धावलो. माय उंबऱ्यात उभी होती. "झालं का रे?"

"माय! जहाजात पाणी कुठून आलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की यात विचारायचं काय आहे.

"म्या टाकत व्हती. चिमणीतून. रोज घोटभर." आणि मग तिचा आवाज फुटला. "भट्टीपाशी केवढी तहान लागते, तुले ठावूक हाय का? जीनमधून यायचा तं दारातूनच पाणी दे, पाणी दे करत यायचा. तिथं त्याले कोण दे रे पाणी? एवढ्या उंच शिड्या चढून कोणापाशी मांगीन थो?"

मी तिच्या पायाशी बसलो. ती रडत होती. एवढ्या काळानंतर, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. मी तिला रडू दिलं. मीही रडलो.

जरा शांत झाल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं. "पाणी सारं सांडलं म्हणतो?"

"हाव माय."

"जहाज?"

"फुटलं."

"आता कुठं देऊ मंग?"

मी तिचा हात धरला आणि तिला धारेवर नेलं. तळ्याच्या कडेशी गोड पाण्याची धार पडते, तिथे एव्हाना पळालेली माणसंही परत जमून, आंघोळी करून भावाच्या नावानं पाणी सोडायला थांबली होती. बाईला पाहून काका पुढे आले. "वहिनी, हे बायकांचं काम नाही." मी त्यांना म्हटलं, "काका, आज मधे पडू नका." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते बाजूला झाले.

माय धारेखाली वाकली. दोन्ही हातांची ओंजळ भरली, आणि सोडायच्या आधी तोंडाशी नेऊन तिनं त्यातला एक घोट घेतला. भटजी हं हं करत पुढे झाले, असं उष्टं पाणी चालत नाही. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. पाणी जिभेवर घोळवून पाहिलं आणि ओंजळ हळूहळू उघडली.

"थंड हाय," ती म्हणाली. "पी."